बांधलेल्या गावाची तारीख

थंडीचे चार महिने मी न्यायाधीश असतो आणि उरलेले आठ महिने अर्जनवीस. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. धान कापून झालेलं असतं, बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, मोकळ्या असतात, गावोगाव मंडप पडतात, आणि माझं पोट बघून व माझा आवाज ऐकून प्रत्येक मंडळी मला काळा डगला चढवते. शेवटच्या अंकात मी लाकडी हातोडा आपटतो, खरा गुन्हेगार ढसाढसा रडतो, निरपराध सुटतो, आणि पुढच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे पुसतात. हंगाम संपला की मी तालुक्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. तिथे हातोडा नाही. एवढ्या वर्षांत एकाही खऱ्या न्यायाधीशाला मी काही आपटताना पाहिलेलं नाही. ते मान खाली घालून लिहितात, आणि आपलं काय झालं हे माणसाला बाहेर आल्यावर शिपाई सांगतो.

अशाच एका उन्हाळ्यात माझ्या टेबलापुढे आठ माणसं येऊन उभी राहिली. पुढे एक म्हातारा, हातात घडी केलेला सरकारी कागद.

"जोहार भाऊ. हे वाचून सांगा."

तो जंगलातल्या एका गोंड गावचा भूमिया होता. भूमिया म्हणजे गावाच्या देवांचं करणारा. पेरणी कधी, शिकार कधी, नवा भात कधी खायचा, हे त्याच्या तोंडून ठरतं. गाव केवढं? आठ घरांचं. त्या आठ घरांची मिळून एका बोडीखाली, म्हणजे छोट्या तळ्याखाली, धानाची शेती होती. बाकी सगळा मुरूम. मोहफूल आणि तेंदूपत्ता सोडला तर वर्षाचं खाणं त्या बोडीखालच्या बांध्यांतूनच निघायचं. वनहक्काचे पट्टे मिळू लागले तसा यांनीही दावा टाकला होता. तो फेटाळला गेल्याचा तो कागद. कारण एका ओळीत: सदर जमिनीबाबत दिवाणी न्यायालयाचा निकाल पूर्वीच झालेला आहे.

मी वाचलं. आठही जण एकमेकांकडे पाहू लागले.

"निकाल? कवा झाला?" भूमिया म्हणाला. "आमाले तं कोनी इचारलं नाई."

निकाल कुठे होता ते मला माहीत होतं, आणि इथून या गोष्टीत मला गंमत वाटायला लागली. निकाल शेजारच्या गावातल्या एका धानवाल्या शेतकऱ्याच्या ट्रंकेत, लाल फडक्यात गुंडाळलेला होता. माहीत असायचं कारण एवढंच, की त्याचेही अर्ज मीच लिहीत असे. त्याच्या आजाने भूमियाच्या बापावर आणि बाकीच्या सात घरांवर दावा लावून ती बोडीखालची जमीन कागदावर जिंकली होती. कागद ट्रंकेत राहिला आणि जमीन नांगरणाऱ्यांकडे राहिली. दर वर्षी कापणी झाली की गोंड गावातून शेतकऱ्याच्या घरी नव्या तांदळाची एक टोपली जायची. देणारे तिला शेजारधर्म म्हणायचे. घेणारे काय म्हणायचे, ते पुढे कोर्टात कळलं. पट्ट्याची चौकशी गावात आली तेव्हा शेतकऱ्याच्या चुलत्यांनी ट्रंक उघडायला लावली.

तर त्या आठ घरांनी जुना निकाल रद्द करून मिळावा म्हणून दावा लावला. वकील मिळाला तो वरोऱ्याचा. कापूस-सोयाबीनच्या मुलखातला हुशार माणूस, पण धानाची बांधी आणि रस्त्याकडेचा खड्डा यातला फरक त्याला दाखवावा लागे. तारखेला दोन्ही पक्ष एकाच एसटीने यायचे, कारण त्या रस्त्याला दुसरी गाडीच नव्हती. उतरल्यावर एकाच बाकावर बसायचे. शेतकरी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा आणि पन्नी आधी भूमियाकडे सरकवायचा.

"घ्या भाऊ, तुमच्यावरच केस करून राह्यलो, एवढं तं घ्या."

"केस आमी केली," भूमिया खर्रा तोंडात टाकत म्हणायचा. "तुमी फकस्त जिंकून राह्यले."

वकिलाने पहिल्याच दिवशी आठही जणांना समोर बसवून समजावलं. "हे बघा, एकदा दोन पक्षांमध्ये एखाद्या गोष्टीचा निकाल लागला की तीच गोष्ट पुन्हा विचारता येत नाही. तुम्हाला नाही, तुमच्या पोरांना नाही, नातवांना नाही. जुना निकाल म्हणजे भिंत आहे. आपल्याला फक्त त्यात दार आहे का ते पाहायचं." मग त्याने दार दाखवलं. जुना निकाल एकतर्फी होता. तारखेला गोंड गावातून कोणीच हजर नव्हतं. समन्स पोचलंच नव्हतं असं सिद्ध झालं, तर निकाल पोकळ ठरण्याची आशा होती. आणि जुन्या फाइलमध्ये बेलिफाचा अहवाल जिथे असायचा, ते पान वाळवीने खाल्लेलं होतं. एवढ्या मोठ्या सरकारी यंत्रणेत गोंडांची बाजू घेणारं कोणी सापडलं असेल तर ती वाळवी.

भूमियालाही ते पटलं. त्याच्या आठवणीत बापाने कधी कोर्टाचं नाव काढलं नव्हतं. "आमाले माहीतच नसन पडलं," तो म्हणायचा. "माहीत पडलं असतं तं माझा बाप गेला असता. लय चालणारा होता."

मला मात्र राहवेना. जुनी फाइल म्हणजे मला नाटकाची संहिता वाटते. शेवटचं पान सापडल्याशिवाय चैन पडत नाही. नक्कल काढायच्या निमित्ताने मी वकिलाच्या कारकुनाबरोबर जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. मुख्य फाइल पाहून झाली होती. मी म्हटलं, किरकोळ अर्जांचा गठ्ठा वेगळा असतो, तोही सोडा. तिथला बाबू कुरकुरला, त्याला मी खलनायकाचा एक संवाद म्हणून दाखवला, तो हसला, आणि गठ्ठा सुटला. वरून अकराव्या की बाराव्या जागी एक पिवळा कागद. कोण्या अर्जनवीसाने, माझ्याच एखाद्या पूर्वजाने म्हणा, अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या मराठीत लिहिलेला. मजकूर साधारण असा:

काल आमचे गाव बांधलेले होते. बांधलेल्या दिवशी सीमेबाहेर पाऊल टाकता येत नाही. कोर्टाची तारीख त्याच दिवशी होती हे आम्हास ठाऊक होते, पण गाव सोडणे आमच्या हाती नव्हते. आज दिवस उगवताच निघालो, आत्ता पोचलो. आमचे म्हणणे ऐकावे.

खाली आठ अंगठे. आणि कोपऱ्यात तिरकी ओळ: कारण पुरेसे नाही. अर्ज नामंजूर.

गावबांधणी आमच्याकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. पावसाच्या आधी एक दिवस ठरवतात. पहाटे भूमिया सीमेवर पूजा करतो, रोगराई आणि वाईटसाईट बाहेर राहावं म्हणून चारी दिशांना खुंट्या ठोकतो. मग दुसऱ्या दिवसाचा सूर्य उगवेपर्यंत आतला बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. कुऱ्हाड चालत नाही, मुसळ वाजत नाही. एका जावयाला एकदा सासुरवाडीला पोचायला थोडा उशीर झाला, तर तो दिवसभर सीमेपलीकडे उपाशी बसून सासऱ्याशी ओरडून गप्पा मारत होता. आणि सासरा अलीकडून त्याला मटणाचं वर्णन ऐकवत होता.

मी नकलेचा अर्ज दिला आणि तरंगत परत आलो. पुढच्या तारखेला नक्कल हातात घेऊन मी बाकापर्यंत अक्षरशः पळालो. शेतकरी पाणी प्यायला गेला होता. "भाऊ!" मी ओरडलो. "तुमचा बाप आला होता! हा बघा अंगठा!"

भूमियाने कागद दोन्ही हातांत घेतला. वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने अक्षरांकडे पाहिलंच नाही. आठ अंगठ्यांवरून बोट फिरवलं.

"यातला माझ्या बापाचा कोनता?"

मी नाव वाचून दाखवलं. तिसरा. त्याने त्या झेरॉक्सवरच्या काळ्या ठिपक्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला.

"मी म्हनलं नव्हतं का, लय चालणारा होता."

तेवढ्यात वकील आला. त्याने कागद वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं की नाटकात असतो तर मी मरून पडलो असतो.

"गावबांधणी म्हणजे काय?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो बाकावर बसला. "भाई, तू आपलीच केस मारून टाकली. यात चक्क लिहिलंय, तारीख ठाऊक होती. मी तिकडे गळा फाडून सांगतोय की यांना काही माहीतच नव्हतं. आणि हे बघ, त्यांनी मागितलं, कोर्टाने नाकारलं. मुदतीत अपील करायला पाहिजे होतं, ते केलं नाही. दार होतं ते या कागदाने बंद केलं."

मग वकील उठला, डगला झटकला. "समोरच्या वकिलाने हा गठ्ठा पाहिलेला नाही. मी चहा प्यायला जातो. मला काही दाखवलं नाही तर मी काही पाहिलं नाही."

तो गेल्यावर मी भूमियाच्या कानाशी लागलो. हे मी केलं, ते लिहून ठेवतो. मी म्हटलं, "भाऊ, ही नक्कल चुलीत घाला. मूळ कागद गठ्ठ्यात आहे, आणि वाळवी अजून म्हातारी झालेली नाही."

"मंग साक्षीत मले काय सांगा लागन?"

"हेच, की आम्हाला तारखेचं माहीत नव्हतं."

"पन आता माहीत झालं ना."

"ते कोर्टाला कुठं ठाऊक आहे?"

त्याने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. मागचे सातजण त्याच्याकडे बघत होते. त्यांच्यातला एकजण गोंडीत काहीतरी चिडून बोलला. बहुधा माझ्याच बाजूचं, कारण त्याने हाताने बोडीखालच्या बांध्यांसारखे चौकोन हवेत काढले. भूमियाने त्याला शांतपणे दोन वाक्यांत गप्प केलं आणि मला मराठीत सांगितलं, "हा म्हनते, पोराबाळाच्या तोंडचा घास जाईन. बरोबर हाय त्याचं. पन कागद लपवला तं माझा बाप आला नव्हता असं होते. तो तं आला होता. दिवस उगवला तसा निघाला होता. जज्ज चांगला हाय. त्याले दाखवू. त्यावेळच्या जज्जाले बांधनी समजली नसन, याले समजावून सांगू."

कागद दाखल झाला. समोरच्या वकिलाला तर दिवाळीच आली.

त्याच दुपारी टपरीवर आम्ही तिघं चहा पीत होतो. भूमिया, शेतकरी आणि मी. शेतकरी खुशीत होता, आणि खुशीत माणसाच्या तोंडून काय काय निघतं.

"आमच्या घरी हे पंगतीत सांगतात भाऊ," तो हसत म्हणाला. "माझ्या आज्यानं वकिलाले सांगतलं, तारीख बांधनीच्या दिवसाची मागून घ्या. त्या दिवशी हे निघतच नाईत. वकील म्हने, खरंच? आजा म्हने, घरात आग लागली तरी सीमा ओलांडत नाईत!"

"पण त्यांना दिवस कसा कळला?" मी विचारलं.

"त्याईनंच सांगतलं ना! महिनाभर आधी त्याईचा मानूस सांगून जाते, अमुक दिवशी येऊ नका म्हनून."

"हो," भूमिया म्हणाला, "सांगा लागते. नाई सांगतलं तं लोक येतात, मंग त्याईले दिवसभर बाहेर बसा लागते. बरं नाई वाटत."

आणि आम्ही तिघंही हसलो. मीसुद्धा, पोट धरून. गोष्टच तशी बेमालूम रचलेली होती. हसता हसता मी शेतकऱ्याला म्हटलं, "हे साक्षीत सांगाल का?"

त्याचं हसू एकदम गेलं नाही, सावकाश उतरलं. "मी काऊन सांगू बाप्पा? माझे चुलते मले घरात घेतीन का? तीन चुलते, त्याईचे पोरं, सुना. एका चुलत्याच्या हिश्शाची बांधी त्यानं मूल गावच्या सोयऱ्याले बोलून ठेवली हाय. निकाल नसता ना भाऊ, तं मी यांच्याशी भांडलोबी नसतो. आता निकाल हाय. आज्यानं जिंकलेलं नातवानं हरवलं, असं म्हनतीन." मग भूमियाकडे वळून, "राग नका मानू."

"राग कायचा," भूमिया म्हणाला. "तुमच्या आज्याचं काम तुमी करून राह्यले. माझ्या बापाचं मी."

साक्षीच्या दिवशी न्यायाधीशांनी भूमियाला खुर्ची द्यायला लावली. मी दारातून पाहत होतो. एवढ्या वर्षांत असं मी पहिल्यांदा पाहिलं. समोरच्या वकिलाने विचारलं, "तुमच्या वडिलांना तारीख ठाऊक होती?"

"होती."

"तरी आले नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी आले."

"म्हणजे कोर्टापेक्षा त्यांना गाव बांधणं मोठं वाटलं?"

भूमियाने थोडा विचार केला. "कोर्ट दुसऱ्या दिवशीबी राह्यते साहेब. बांधनी नाई राह्यत."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी स्वतः प्रश्न विचारले: खुंटी कोणत्या लाकडाची, कोणी बाळंत होत असेल तर काय करता, कोणाला साप चावला तर. भूमिया एकेकाचं उत्तर देत गेला, मोकळेपणाने, घरी पाहुण्याला सांगावं तसं. सगळं टंकून घेतलं गेलं. नव्या तांदळाच्या टोपलीबद्दल विचारलं, तेव्हाही तो खरं बोलला: हो, दर वर्षी देतो, माझ्या बापापासून देतो, आपण होऊन देतो. त्या उत्तराचं काय होणार ते आमच्या वकिलाच्या खाली गेलेल्या मानेवरून मला कळलं. बाहेर आल्यावर मात्र भूमिया खूश होता. "लय इचारलं त्यानं. असं कोनी इचारत नाई. या जज्जाले समजलं."

समजलं होतंच. निकाल लांबलचक आला आणि त्यात भूमियाबद्दल एकही वाकडा शब्द नव्हता. वादीची साक्ष प्रामाणिक व विश्वासार्ह आहे, असं लिहिलं होतं. रूढीचं वर्णन दीड पान. आणि मग पुढचं: वादीच्याच विश्वासार्ह साक्षीवरून दिसतं की पूर्वजांना तारखेची माहिती होती, त्यांचं कारण त्याच वेळी न्यायालयापुढे आलं आणि नाकारलं गेलं, त्यावर अपील झालं नाही, दर वर्षी दिलेल्या टोपलीवरून त्यांनी मालकाची परवानगी मानल्याचं दिसतं, पूर्वीचा निकाल उभय पक्षांच्या वारसांवर बंधनकारक आहे. दावा खारीज. वरच्या कोर्टातही वर्षभराने तेच झालं, फक्त कमी पानांत.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मी नकला घेऊन त्यांच्या गावी गेलो. निरोप धाडला असता तर ते आले असते, पण का कोण जाणे, मीच गेलो. बोडी तुडुंब होती. खालच्या बांध्यांत शेतकऱ्याच्या धाकट्या चुलत्याने चिखलणी केली होती आणि ओळीने बाया परे, म्हणजे भाताची रोपं, रोवत होत्या. जवळ गेल्यावर कळलं, त्या आठ घरांच्याच बाया. मजुरीने. चुलता बांधावर छत्री घेऊन उभा होता आणि मधूनच ओरडत होता, "ओळ धरा बाई, ओळ धरा."

भूमिया बोडीच्या पाळीवर बसला होता. मी जोहार केला, शेजारी बसलो, आणि त्याने सांगितलं म्हणून दोन्ही निकाल पहिल्यापासून वाचून दाखवले. कायद्याच्या ओळी आल्या की तो खाली बांध्यांकडे पाही; बांधणीचं दीड पान आलं तेव्हा त्याने ते पुन्हा वाचायला लावलं.

"माझ्या बापाचं आलं यात?"

"आलं. दुसऱ्या दिवशी येऊन अर्ज दिला, तेही आहे."

"मी सांगतलं तेबी सगळं?"

"शब्दन्‌शब्द."

त्याला बरं वाटलेलं दिसलं.

"मंग उद्या माझ्या नातवानं हेच इचारलं कोर्टात, तं?"

अशा वेळी द्यायची माझ्याकडे ठेवणीतली उत्तरं आहेत. लोक रडू लागले की मी ती देतो, आणि लोक चहा पाजून जातात. त्याला ती देववेना. मी म्हटलं, "नाही विचारता येणार भाऊ. जुन्या निकालात तुमचं ऐकलेलं नव्हतं, म्हणून निदान भांडायला जागा होती. आता तुमचं सगळं ऐकून निकाल झाला. आता दोन झाले."

"मी गेलोच नसतो कोर्टात, तं त्याच्यासाठी जागा राह्यली असती?"

वकिलाला मी हे विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, कदाचित. मी भूमियाला कदाचित म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याला समजलं.

"बाप गेला नाई म्हनून जमीन गेली," तो म्हणाला, "अन्‌ मी गेलो म्हनून."

कागद त्याने घेतले नाहीत. माझ्याच पिशवीत राहू द्या म्हणाला. मग उठून उभा राहिला, डोळ्यांवर आडवा हात धरून खाली पाहिलं आणि मला बोट दाखवलं. "त्या चौथ्या बांधीचा तिकडचा कोपरा दिसते? तिथून पानी फुटते. दर साली मी तिथं माती लावतो. त्याले माहीत नाई. त्याले सांगून द्या, नाईतं आजच्या पान्यानं सारे परे वाहून जातीन."

"तुम्हीच सांगा ना."

"मी नाई जात तिकडं."

मी चिखलातून बांधाबांधाने गेलो आणि छत्रीवाल्या चुलत्याला सांगितलं. त्याने कोपऱ्याकडे पाहिलं, त्याला काही दिसलं नाही. रोवणाऱ्या बायांपैकी एकीला त्याने हाक मारून विचारलं, "हो का बाई, इथून फुटते का?"

ती भूमियाची सून होती. तिने हातातली पऱ्यांची जुडी खाली ठेवली, कोणी सांगायच्या आत त्या कोपऱ्याशी जाऊन वाकली, आणि दोन्ही हातांनी चिखल काढून बांधाला लावू लागली.